तुम्ही विचारलंत म्हणून : ते नऊ सेकंद

कार्यक्रम कुठलाही असो, चहाच्या वेळी कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "सर, रेडिओवर कॉमेंट्री करताना गडी बाद झाला की तुम्ही बोलायचं थांबता, ते कुणाकडून शिकलात?"

माझं उत्तर पाठ आहे. व्हिन स्कली. 1950 ते 2016, तब्बल 67 मोसम बेसबॉलच्या डॉजर्स संघाचा आवाज. लॉस एंजेलिसला लोक मैदानात बसून, खेळ समोर दिसत असताना, कानाला ट्रान्झिस्टर लावून याला ऐकायचे. 8 एप्रिल 1974 ला अटलांटात हँक ॲरनने 715वा होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकारच, मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा चेंडू गेल्याचं सांगून स्कली सरळ गप्प बसला. पुढचा बराच वेळ प्रेक्षकच ऐकू येत राहिले.

गोष्ट खरी आहे. माझं उत्तर खोटं आहे. स्कली मी पहिल्यांदा ऐकला तो भाच्याच्या मोबाइलवर, तोही स्कली निवृत्त झाल्यावर. त्याआधी कितीतरी वर्षं मी गप्प बसत होतो.

रणजीचा सामना, शेवटचा दिवस, उन्हं कललेली. पहिल्या डावाच्या आघाडीला तीन धावा हव्यात आणि शेवटची जोडी मैदानात. अकरा नंबरवाल्याने पुढे सरसावून उचलून मारला. मी म्हणालो, "चेंडू हवेत..." आणि चेंडू उन्हात गडप. दिसेचना! षटकार म्हणावं तर झेल निघायचा, झेल म्हणावं तर षटकार. लाँग-ऑनचा पोरगा मागे पळतोय, लोक ओरडतायत, पण आनंदाने की हळहळून, कळायला मार्ग नाही. मागून इंजिनिअरसाहेब हातवारे करतायत, बोला, बोला. माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. शेवटी स्कोअररने वही पुढे सरकवून एका शब्दावर बोट ठेवलं : झेल. मग मी भारदस्त आवाजात सांगितलं. मधले सेकंद नऊ. नंतर टेप लावून मोजलेत.

पत्रं आली. त्या शांततेने अंगावर काटा आला म्हणे. काय करायला हवं होतं मी? अहो, मला दिसलंच नाही, असं प्रत्येकाला कळवायचं? सामन्यागणिक मिळणारं काम, घरी दोन लहान मुलं. तेव्हा हे कारण मला पुरेसं वाटायचं. आजही थोडंफार वाटतं.

एक पोस्टकार्ड मात्र त्या अकरा नंबरवाल्याच्या वडिलांचं होतं. 'साहेब, झेल नीट घेतला होता का? पोरगा धड सांगत नाही. तुमच्या बोलण्यातून आम्हाला मॅच दिसते, तेवढंच दिसलं नाही.'

उत्तर दिलं नाही. काय देणार? त्या दिवशी मैदानात असून तो झेल न पाहिलेला बहुधा मी एकटाच.

पुढच्या सामन्यापासून प्रत्येक बळीनंतर थांबू लागलो, म्हणजे ती नऊ सेकंदं शैलीत जमा व्हावीत. तेव्हाचा मी म्हणतो, लोकांना आवडलं ना, मग झालं तर. त्याच्याशी मी खूप भांडलोय. दरवेळी तो पत्रांचा गठ्ठा दाखवतो.

स्कली लहानपणी घरातल्या रेडिओखाली उशी घेऊन पडायचा, प्रेक्षकांची गर्जना अंगावर घ्यायला. त्याला ती गर्जना ऐकवायची होती. आणि त्याने आधी सांगितलं, मग गप्प बसला. मी आधीच गप्प बसलो.

हल्ली मीही सगळं नीट सांगूनच थांबतो. थांबलो की नजर मात्र अजून स्कोअररच्या बोटाकडे जाते.