एका हातानं ‘स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज’

मी इंग्लंडमधे एका गिटार रिपेअरच्या वर्कशॉपमधे काम करतो. काम बहुतेक वेळा तेच ते, झिजलेले फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदला, खरखरणारा व्हॉल्यूमचा पॉट साफ करा, कोणीतरी व्हिडिओ बघून घरी सोल्डर केलेलं वायरिंग उपसून काढा आणि त्याला वाईट वाटणार नाही अशा बेतानं सांगा की बाबा रे परत हे करू नकोस. त्यामुळे एखादं काम लक्षात राहतं ते वेगळंच असलं तरच. हे त्यातलं.

शनिवारी सकाळी तीन वयस्कर गृहस्थ आत आले. दोघं बडबडे, तिसरे शांत, उजवा हात कोटाच्या खिशात. गिटार मित्रानं उचलून आणलेली, लेस पॉल टाइपची जुनी जपानी कॉपी, सोबत एक खोका. खोक्यात फर्नांडिसचं सस्टेनर किट, सेकंडहँड. ही कंपनी २०२४ मधे बंद पडली, त्यामुळे आता ही किटं अशीच कोणाकडून तरी मिळवावी लागतात, नि वायर कापलेल्या नसल्या तर नशीब. मी म्हटलं बसवून देतो, पण बॉडीत खाच पाडावी लागेल, सर्किट बोर्ड आणि नऊ व्होल्टची बॅटरी बसवायला जागा लागते, नंतर गिटार विकायची म्हटलं तर किंमत येणार नाही. तर ते शांत गृहस्थ म्हणाले, “विकायची कोणाला आहे? मला पिक धरता येत नाही आता. पार्किन्सन्स. उजवी बाजू गेलीये, डावी अजून माझं ऐकते.” पिक म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, ती उजव्या हातात धरतात.

हा आजार बहुतेकदा एका बाजूनं सुरू होतो हे मला माहीत होतं, पण त्याचा गिटारशी संबंध असा कधी डोक्यात आला नव्हता. मी विचारलं काय वाजवायचंय. त्यांनी तोंड उघडायच्या आत दोन्ही मित्र एकदम बोलले, “हॅकेट, दुसरं काय!”

स्टीव्ह हॅकेट मला माहीत होता तो एवढाच, की जेनेसिस बँडचा सत्तरच्या दशकातला गिटारिस्ट, फिल कॉलिन्सची मोठी हिट गाणी यायच्या आधीचा. मी वाढलो फास्ट मेटलवर, सेकंदाला जास्तीत जास्त नोट्स म्हणजे मोठा गिटारिस्ट असं आमचं सरळ गणित होतं. हे तिघं मात्र शाळेपासूनचे हॅकेटवाले. आणि अशा लोकांची एक खासियत असते, ज्याला बाकीच्यांनी मोजलं नाही त्याचा सगळा हिशोब ह्यांच्याकडे तोंडपाठ. हॅकेट बँडमधे आला १९७१ ला, बाहेर पडला १९७७ ला, ‘सेकंड्स आउट’ ह्या लाइव्ह अल्बमचं मिक्सिंग चालू असताना. का, तर ह्याच्या गाण्यांना बँडमधे पुरेशी जागाच मिळेना. ‘प्लीज डोन्ट टच’ ही धून बँडनं घेतली नाही, तर पठ्ठ्यानं १९७८ च्या आपल्या सोलो अल्बमचं नावच ते ठेवलं! हे सांगताना त्या मित्राचा चेहरा असा काही खुलला होता की जणू धून ह्यांचीच नाकारली होती.

तर काम. सस्टेनर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिटारची तार छेडली की नोट लगेच विरायला लागते, कारण तारेला मिळालेली ताकद संपत जाते. अँप खूप मोठ्यानं लावून समोर उभं राहिलं तर आवाजाच्या लाटाच तारेला परत हलवतात आणि नोट थांबायचं नाव घेत नाही, त्याला फीडबॅक म्हणतात. पण घरात तेवढा आवाज कोण लावू देणार. सस्टेनर हे काम चुंबकानं करतो. नेकजवळचा, म्हणजे मानेकडचा, पिकअप काढायचा, तिथे ड्रायव्हर नावाची कॉइल बसवायची. ब्रिजजवळचा, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाकडचा, पिकअप तारेचं कंपन ऐकतो, सर्किट ते वाढवून ड्रायव्हरला देतं, ड्रायव्हर तारेला तिच्याच लयीत ढकलत राहतो. म्हणजे उलटा चालणारा पिकअपच म्हणा ना. बॅटरी असेपर्यंत नोट चालू. हॅकेट स्वतः गेली कित्येक वर्षं फर्नांडिसची सस्टेनरवाली गिटार वाजवतो, म्हणून तर ह्यांनी हेच किट शोधून आणलं.

ईबो हे हातात धरायचं छोटं यंत्र का नको असं मी विचारून बघितलं, तोही चुंबकानंच तार हलवतो आणि त्याला गिटार कापावी लागत नाही. पण तो उजव्या हातात तारेवर अलगद स्थिर धरावा लागतो. गृहस्थांनी काही न बोलता खिशातून हात काढून दाखवला. विषय संपला.

राऊटरनं, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्रानं, खाच पाडली, तांब्याची पट्टी लावून शिल्डिंग केलं, जोडाजोड केली, अँप चालू केला आणि असली भयानक किंचाळी आली की तिघांनी कान धरले. ड्रायव्हर आणि पिकअप एकमेकांच्या फार जवळ असले किंवा पिकअपची कॉइल सैल असली की असं होतं. इथे कॉइल सैल होती. जुन्या स्वस्त पिकअपमधे वेटोळी मेणात नीट बुडवलेली नसतात, मग ती स्वतःच थरथरतात आणि मायक्रोफोनसारखी वागतात. उपाय एकच, पिकअप काढून पॅराफिन आणि मधमाश्यांच्या मेणाच्या मिश्रणात बुडवून ठेवायचा. मेण साधारण ६५ अंशांवर, त्याच्या फार वर गेलं तर कॉइलचं प्लॅस्टिक वाकतं. मेण आत शिरत जातं तसे बारीक बुडबुडे वर येतात, आणि ते बंद होईपर्यंत भांड्याशी थर्मामीटर धरून बसण्याशिवाय काही करता येत नाही. मी बुडबुडे बघत बसलो आणि त्या दोघांनी वर्कशॉपच्या स्पीकरचा ताबा घेतला.

पहिला लावला १९७५ चा ‘व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाइट’. हा बँडमधे असतानाच काढलेला, टॅरो कार्डांवर बेतलेला, ड्रम्सवर फिल कॉलिन्स आणि बेसवर माइक रदरफोर्ड, म्हणजे निम्मा बँड ह्याच्याच गाण्यांवर वाजवतोय! ब्रिटनमधे २६ व्या नंबरपर्यंत गेला. शेवटचं ‘शॅडो ऑफ द हायरोफंट’ सॅली ओल्डफील्डनं गायलंय, संगीतकार माइक ओल्डफील्डची बहीण. त्याच्या उत्तरार्धात एकच धून परत परत येते, दर वेळी थोडी जास्त वजनदार होऊन, बस्स, एवढंच. सोलो असा नाहीच. मला आधी वाटलं आता गिटार सुटेल, आता सुटेल, आणि ती सुटतच नाही, धून चढत जाते आणि तुम्ही मेणाच्या भांड्यावर हात तसाच धरून बसता. गिटारिस्टच्या पहिल्या सोलो अल्बमच्या शेवटी गिटारिस्टनं स्वतःला मागे ठेवायचं, ह्याला धाडस लागतं राव.

मग दोघांचं भांडण जुंपलं. एक म्हणे अ‍ॅकोलाइट श्रेष्ठ, दुसरा म्हणे छे, १९७९ चा ‘स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज’. हा हॉलंडमधे हिल्व्हरसमला रेकॉर्ड झालेला, कीबोर्डवर निक मॅग्नस, बासरीवर हॅकेटचा भाऊ जॉन. त्यातल्या ‘एव्हरी डे’चा पहिला अर्धा भाग गाणं आणि नंतर शेवटपर्यंत नुसती गिटार. ते चालू असताना दुसऱ्यानं टॅपिंगचा विषय काढला. टॅपिंग म्हणजे उजव्या हाताची बोटंही फ्रेटबोर्डवर ठोकून वाजवायचं, सगळं श्रेय जातं गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनला, १९७८ च्या अल्बममुळे, आणि हॅकेटनं ते जेनेसिसच्या १९७१ च्या ‘नर्सरी क्राइम’ अल्बमवर करून ठेवलंय. खरंय. आता टॅपिंगचा शोधही हॅकेटचा नाही, त्याच्या आधीही लोकांनी केलंय, आणि व्हॅन हेलननं त्याचं जे केलं ते वेगळंच प्रकरण आहे, हे मी बोललो आणि दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गपगुमान मेणात थर्मामीटर घातला.

पण त्या शांत गृहस्थांना ह्या वादात रस नव्हता. ते म्हणाले, “पहिला कोण हे सोड. तो टॅपिंग करतो ते कळतसुद्धा नाही, तीच तर गंमत आहे.” आणि मला वाटतं लोकांना हा माणूस दिसला नाही त्याचं कारणही हेच असावं. सुरुवातीच्या जेनेसिसमधे हा चक्क बसून वाजवायचा. स्टेजवर पुढे बँडचा गायक पीटर गॅब्रिएल चित्रविचित्र मुखवटे घालून, लोकांचं लक्ष तिकडे. त्याची गिटार बरेचदा कीबोर्डमधे अशी मिसळते की नेमकं काय ऐकतोय कळत नाही. जेनेसिसच्या १९७३ च्या ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ गाण्यातला सोलो ऐका, एक नोट तो धरतो आणि धरूनच ठेवतो, खाली सगळा बँड हलतोय आणि वर ही नोट. तिथे दुसऱ्या कोणी चाळीस नोट्स घातल्या असत्या. मी तर नक्कीच.

मेण निथळलं, पिकअप थंड झाला, परत बसवला. ह्या वेळी किंचाळी नाही. पण पुढची अडचण. सस्टेनर चालू केला की ज्या तारा दाबलेल्या नाहीत त्याही आपोआप गुणगुणायला लागतात, कारण ड्रायव्हरला काय, तो समोर येईल त्या तारेला ढकलतो. एरवी उजव्या हाताच्या तळव्यानं त्या दाबून ठेवतात. इथे उजवा हात नाही. मी पहिल्या फ्रेटवर तारांभोवती केसांचा जाड कापडी रबरबँड गुंडाळला. स्टुडिओत भलेभले हे करतात, महागडे पट्टेही मिळतात, पण रबरबँड तेच काम करतो. मोकळ्या तारा एकदम गप्प. फक्त जिथे बोट पडेल तिथलीच नोट.

गृहस्थांनी गिटार मांडीवर घेतली, उजवा हात नुसता बॉडीवर टेकवला. डाव्या हाताचं बोट फ्रेटवर आपटलं, छेडणं नाहीच. आधी काही नाही, मग तार हळूहळू जागी व्हायला लागली आणि नोट शून्यातून फुगत वर आली. आणि दोघं बडबडे मित्र पहिल्यांदा गप्प झाले, कारण तो आवाज तिघांच्या ओळखीचा होता. पिकचा ठोका ऐकूच येऊ द्यायचा नाही, व्हॉल्यूम पेडलनं नोट अशीच खालून उचलायची, व्हायोलिनवर बो टेकवल्यासारखी, ही हॅकेटची सत्तरच्या दशकापासूनची सवय. इथे पेडल नव्हतं, पिक नव्हतं, उजवा हातच नव्हता, आणि आवाज तिथेच जाऊन पोचला. पिकवाल्या दोन धडधाकट हातांनी हे जमवायला किती खटपट करावी लागते ते मी नंतर स्वतः करून बघितलंय.

‘स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज’ ही धून साडेसहा मिनिटांची, तिच्यात शब्द नाहीत, गिटारच गाते. संथ आहे, नोट्स लांब आहेत, म्हणूनच त्यांनी ती निवडली होती. पूर्ण नाही वाजली. बोटं मधे मधे अडकत होती, एका ठिकाणी तीच ओळ त्यांनी तीनदा घेतली आणि शिवी हासडली. पण नोट धरून ठेवल्यावर बोटाचा जो बारीक व्हायब्रॅटो (सुराला मुद्दाम दिलेली थरथर) होता तो साठ वर्षं वाजवणाऱ्या माणसाचा होता, तो कुठे गेला नव्हता. मी मुद्दाम त्यांच्या बोटाकडे बघत होतो. थरथर कुठली आजाराची आणि कुठली स्वतः आणलेली हे अगदी स्पष्ट वेगळं दिसत होतं.

मग मित्रानं फोनवर २०१५ चं व्हर्जन लावलं. ह्याच धुनेला शब्द लावून केलेलं, क्रिस्टिना बूथ आणि डेव्हिड लाँगडन गातात, हॅकेट स्वतः वाजवतो, आणि ते काढलं होतं ब्रिटनमधल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी मदत म्हणून. मी गृहस्थांकडे बघितलं. ते म्हणाले, “घेतलं तेव्हा मला काही झालं नव्हतं. चांगल्या कामाला पैसे द्यावेत म्हणून घेतलं.” आणि हसले. मला हसावं की नाही कळेना, मित्र मात्र खो खो हसले, म्हणजे हा त्यांच्यातला जुना विनोद असावा.

बॅटरीबद्दल नीट सांगितलं, वाजवून झालं की जॅक उपटून ठेवा नाहीतर ती उतरत राहते, हार्मॉनिक मोडचा छोटा स्विच कुठे आहे तेही दाखवलं, त्यावर मूळ नोटेऐवजी तिचा वरचा सूर उमलतो. त्यांना तो फारसा आवडला नाही. मित्रानं विचारलं, आता १९८३ च्या ‘बे ऑफ किंग्ज’साठी पण असंच काही कर ना. तो सगळा क्लासिकल गिटारचा अल्बम, नायलॉनच्या तारा, नायलॉनला चुंबक काय करणार? म्हटलं नाही होणार. “मग ती मी वाजवेन आणि हा ऐकेल,” मित्र म्हणाला, त्यावर गृहस्थ म्हणाले, “देव करो आणि माझे कान आधी जावोत.”

बिल देऊन निघताना दारात परत भांडण, आता ‘क्युअर्ड’वर. १९८१ चा, त्यात खऱ्या ड्रमरऐवजी ड्रम मशीन आहे आणि गायलाय हॅकेट स्वतः. एकाच्या मते तिथून घसरण सुरू झाली, दुसऱ्याच्या मते लोकांनी नीट ऐकलाच नाही. मला विचारलं, मी म्हटलं ऐकला नाहीये. तर दुसऱ्यानं गाडीतून सीडी आणून माझ्या बेंचवर ठेवली आणि पुढच्या शनिवारी मत सांगायला तयार राहा म्हणून दम भरला. ऐकलाय आता. पहिल्याचं म्हणणं बरोबर आहे, ड्रम मशीन खटकतंच, पण त्यात गिटार जिथे जिथे एकटी सुटते तिथे दुसऱ्याचंही बरोबर आहे, आणि हे दोघांच्या तोंडावर सांगायची माझी तरी हिंमत नाही.