न दिलेल्या मताचा दंड

मार्च २०२५ मध्ये टपालाने एक पत्र आलं. तुम्ही मतदान केल्याचं आमच्या नोंदीत दिसत नाही, कारण कळवा. ऑस्ट्रेलियातला निवडणूक आयोग हे मला विचारत होता! शाळेच्या पटांगणात सकाळी सातच्या आत बाबांच्या मागे रांगेत उभं राहून जी मोठी झाली, तिला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे कौन्सिलची निवडणूक झाली. कौन्सिल म्हणजे आपली महापालिकाच, फक्त पाणी, पोलीस, शाळा यांपैकी काहीही तिच्याकडे नाही. ते सगळं राज्याचं. मतदान पूर्ण पोस्टाने. घरी जाड पाकीट येतं. त्यात मतपत्रिका, उमेदवारांचे फोटो आणि प्रत्येकाने स्वतःची केलेली स्तुती. चौकोनांत आकडे भरायचे, सही करायची आणि कोपऱ्यावरच्या लाल डब्यात टाकून यायचं. नवऱ्याने त्याचं पाकीट आलं त्याच संध्याकाळी उरकलं. मी माझं 'नीट वाचून भरते' म्हणून बाजूला ठेवलं. याला निष्काळजीपणा म्हणू नका, मी जरा जास्तच मनावर घेतलं होतं. मग दसरा आला, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या तालमी आल्या, चकलीची भाजणी आली. २५ ऑक्टोबर ही शेवटची तारीख होती हे मला मार्चमध्ये समजलं.

कारण पटलं नाही तर ९९ डॉलर दंड. म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर. हो, इकडे येऊन इतकी वर्षं झाली तरी मी अजून गुणाकार करते.

बाबांना फोनवर सांगितलं. आधी खूप हसले, मग जरा गप्प झाले. मग म्हणाले, "आम्ही मत द्यायला तयार बसलोय तर कोणी घ्यायला येत नाही, आणि तू दिलं नाहीस म्हणून तुला दंड!"

केडीएमसीचं, म्हणजे आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेचं, तेव्हा काय चाललं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तोवरचं शेवटचं मतदान नोव्हेंबर २०१५ मध्ये. पाच वर्षांनी मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक, थेट जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचना, मग पुन्हा खटला. २०१५ च्या त्या मतदानाला मी होते. बाबांनी बूथबाहेर मला चहा पाजला होता. पुढच्याच वर्षी मी इकडे आले. म्हणजे पत्र आलं तोवर मी आणि डोंबिवलीने तिथल्या महापालिकेसाठी शेवटचं मत एकाच दिवशी दिलेलं होतं. फरक एवढाच, की डोंबिवलीचा हक्क शाबूत आहे आणि माझा मी सही करून सोडून आले. ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट घेतला की आपला परत करावा लागतो, आणि मग मिळणाऱ्या ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डावर मत देता येत नाही. या वाक्यापुढे मी नेहमी 'पण मुलांच्या दृष्टीने' असं काहीतरी जोडते. आज नाही जोडत.

मी राहते ते गाव क्लाइड नॉर्थ, मेलबर्नच्या मध्यापासून आग्नेयेला पन्नासेक किलोमीटर. सीएसएमटीपासून डोंबिवली साधारण तेवढीच. इकडे घर घेतलं तेव्हा मेलबर्न शहरात राहणाऱ्या एका मराठी ओळखीच्यांनी 'अरे बापरे, एवढ्या लांब?' असा चेहरा केला होता. तो चेहरा मी दादरच्या मावशीकडे लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे काही वाटलं नाही. खरं तर थोडं वाटलं. एका बाबतीत मात्र डोंबिवली कैक योजनं पुढे आहे. क्लाइडपर्यंत रेल्वे यावी म्हणून इथले लोक वर्षानुवर्षं मागणी करताहेत, आणि गाडी अजून क्रॅनबर्नलाच थांबते. हे मी इथल्यांना अधूनमधून ऐकवते.

आमच्या महापालिकेचं नाव सिटी ऑफ केसी. व्हिक्टोरिया राज्यात सर्वाधिक लोकसंख्येची, २०२१ च्या जनगणनेत साडेतीन लाखांच्या वर. (हसू नका. २०११ मध्येच कल्याण-डोंबिवली बारा लाखांच्या पुढे होती.) हे केसी कोण, हे मला आठ वर्षं माहीत नव्हतं. दंडाच्या रागात वाचायला बसले, तेव्हा कळलं. रिचर्ड केसी, पुढे लॉर्ड केसी. मंत्री होते, १९६५ ते १९६९ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर-जनरल होते, आणि त्यांचं घर इथल्या बेरिक गावात होतं. आणि त्याआधी, जानेवारी १९४४ पासून १९४६ पर्यंत, हे गृहस्थ बंगालचे गव्हर्नर होते! चर्चिलने पाठवलेले. भीषण दुष्काळातून बंगाल तेव्हा सावरलाही नव्हता. डिसेंबर १९४५ मध्ये कलकत्त्याच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गांधीजी त्यांना अनेकदा भेटले होते. म्हणजे ज्याच्याशी गांधीजी बोलणी करत होते, त्याच्या नावाच्या कचऱ्याच्या डब्यात मी चहाचा चोथा टाकते. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी सकाळच्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं. नंतर कळलं की कट्ट्यावर जाईपर्यंत केसी व्हाइसरॉय झाले होते.

हा इतिहास म्हणजे तसा गोऱ्यांच्या वसाहतीपासून मोजलेला इतिहास. त्याच्या कितीतरी आधीपासून ही जमीन बुनुरोंग आणि वुरुंजेरी लोकांची. आता प्रत्येक सभेच्या सुरुवातीला त्यांचं स्मरण करतात, आणि नॅरी वॉरनमधल्या कौन्सिलच्या इमारतीचं नाव बुंजिल प्लेस ठेवलंय. बुंजिल म्हणजे त्यांच्या कथांमधला सृष्टी घडवणारा गरुड. ग्रंथालय, नाट्यगृह आणि कौन्सिलचं कार्यालय एकाच छपराखाली आहे. महापालिकेत काम असेल तर आपण दिवस काढून जातो, इथे लोक मुलांना गोष्टीच्या पुस्तकांत सोडून जातात. हे बघून मला दर वेळी हेवा वाटतो आणि दर वेळी मी मनात म्हणते, साडेतीन लाखांत काय, आम्हीही केलं असतं.

बेरिक हे नाव रॉबर्ट गार्डिनर नावाच्या माणसाने ब्रिटनमधल्या त्याच नावाच्या गावावरून दिलेलं. त्यातला डब्ल्यू उच्चारत नाहीत. मी वर्षभर बेर्विक म्हणत होते आणि कोणी सुधारलंही नाही, इतके सभ्य लोक आहेत. क्रॅनबर्नची ख्याती आकाशातून पडलेल्या लोखंडाची. तिथे एकोणिसाव्या शतकात मोठे उल्कापाषाण सापडले, त्यातला सर्वांत मोठा साडेतीन टनांचा. तो कुठे आहे? लंडनच्या संग्रहालयात. आपल्याला यात नवीन काही नाही.

बेरिक आणि क्रॅनबर्न यांचे कारभार शंभरावर वर्षं वेगळे होते. १९९४ च्या सुमारास तेव्हाचे मुख्यमंत्री जेफ केनेट यांनी राज्यातल्या २१० कौन्सिलांना कात्री लावून ७८ करून टाकल्या. बेरिकचा बहुतेक भाग, क्रॅनबर्नचा मोठा तुकडा आणि शेजारच्या नॉक्सची एक वसाहत मिळून डिसेंबर १९९४ मध्ये केसी जन्माला आली. निवडून आलेले नगरसेवक घरी गेले, सरकारने नेमलेले आयुक्त आले. लोकांना विचारलं का? छे. इथे मला कल्याण-डोंबिवली महापालिकेत आत-बाहेर होणारी २७ गावं आठवली. १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत, आणि प्रत्येक वेळी मोर्चा. आपल्याकडे गावं निदान भांडली. इथे शेजारच्या आजींना विचारलं की विलीनीकरण झालं तेव्हा काय झालं हो, तर त्या म्हणाल्या, "कचऱ्याच्या गाडीवरचं नाव बदललं."

आता खरी गोष्ट. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्याच्या संसदेने कायदा करून केसीचं अख्खं कौन्सिल बरखास्त केलं. क्रॅनबर्न वेस्टमध्ये उद्योगांसाठी राखलेली जमीन घरबांधणीला मोकळी करायची, यासाठी बिल्डर आणि नगरसेवक यांच्यात काय चाललं होतं याची भ्रष्टाचारविरोधी आयोग चौकशी करत होता. ऑपरेशन सँडन हे तिचं नाव. पैसे कसे फिरले याचे निष्कर्ष जुलै २०२३ च्या अहवालात छापून आले, कोणीही वाचू शकतं. मी वाचायला घेतला आणि दहा पानांत मला घरी आल्यासारखं वाटलं. 'आरक्षण उठवणं' या शब्दाला इंग्रजीत लांबलचक वाक्य लागतं, एवढाच फरक.

आणि मग नेमले गेले प्रशासक. २०२० पासून थेट ऑक्टोबर २०२४ पर्यंत. म्हणजे कल्याण-डोंबिवलीत प्रशासक बसला त्याच वर्षी केसीतही बसला! इथे नगरसेवकांना हाकललं म्हणून, तिथे मुदत संपून निवडणूक घेतली नाही म्हणून. २०२३ मध्ये मला नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि कुंडीतलं एक रोप देण्यात आलं, तेव्हा ते देणारं कोणीही निवडून आलेलं नव्हतं. मी लोकशाहीची शपथ प्रशासकापुढे घेतली. (रोप जगलंय, विचाराल म्हणून सांगते.)

यात मला सर्वांत बोचतं ते वेगळंच. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत स्थानिक संस्थांचा उल्लेखच नाही. १९७४ आणि १९८८ असं दोनदा त्यासाठी सार्वमत घेतलं, दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. आपल्याकडे ७४ वी घटनादुरुस्ती आहे. मुदत पाच वर्षं, ती संपायच्या आत निवडणूक, बरखास्त केलं तर सहा महिन्यांत निवडणूक, असं स्पष्ट लिहिलंय. कागदावर आपण कितीतरी वरचढ. हे मी नवऱ्याला ठासून सांगितलं. तो म्हणाला, "हो, आणि मतदान कुठे झालं?" मी म्हटलं, भाजी ढवळ.

खरं सांगायचं तर प्रशासकाच्या साडेचार वर्षांत इथे कोणाचं काही अडलं नाही. ठरल्या वारी कचऱ्याची गाडी येत राहिली, बाळाचं वजन करायला नर्स मिळत राहिली, बागेतलं गवत कापलं जात राहिलं. डोंबिवलीत मात्र नगरसेवक नसला की साधा दिवा कोणाला सांगून लावून घ्यायचा हा प्रश्न. खोट्या बांधकाम परवानग्यांवर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाची, नोंदणी मिळवलेल्या त्या ६५ इमारतींमधली माणसं कोणाच्या दारात जाणार? म्हणून बाबांना मत हवं होतं. मला नको होतं अशातला भाग नाही, पण मला त्याची गरज भासली नाही. पाकीट पडून राहायचं कारण तालमी की हे, ते आयोगाने विचारलेलं नाही, त्यामुळे मीही फार खोलात जात नाही.

रविवारी ते पाकीट सापडलं. मिक्सरचं वॉरंटी कार्ड आणि मुलाच्या लसीकरणाच्या कागदांमध्ये, न फोडलेलं. फोन लावला होताच, बाबांना कॅमेऱ्यात दाखवलं. "फोड," म्हणाले. मी म्हटलं, बाबा, पाच महिने उलटून गेले. "फोड तर."

आमच्या केसीत आता बारा प्रभाग आहेत आणि त्यांतल्या अनेकांना झाडाफुलांची नावं. ग्रेव्हिलिया, वाराटा, कॅझुरिना. कॅझुरिना म्हणजे आपला सुरू, हे सांगितल्यावर बाबांना बरं वाटलं. मतपत्रिकेवर नुसती फुली मारून चालत नाही. सगळ्या उमेदवारांना क्रम द्यावा लागतो, नाहीतर मत बाद. न आवडणाऱ्यालाही नंबर द्यायचा. लग्नाच्या यादीत ज्याला बोलवायचं नसतं त्याचंही नाव शेवटी लिहावंच लागतं, तसं. बाबा चष्मा पुसून बसले. मी एकेकाचा परिच्छेद मराठीत सांगत गेले. एकाला वाहतूक कोंडी सोडवायची होती, एकीला कर कमी करायचे होते, एकाला कुत्र्यांसाठी कुंपणाचं मैदान हवं होतं.

"कर कमी करणारीला खाली टाक. सगळे तेच म्हणतात."

"कितवी?"

"सहावी. आणि तो कुत्र्यांवाला? त्याने एक तरी नेमकं काम सांगितलंय. त्याला दोन."

"आणि एक?"

ते बराच वेळ विचार करत होते. मागे आईने कुकरची शिट्टी झाली म्हणून हाक मारली, तरी उठले नाहीत. मी पेन्सिल घेतली होती. त्यांनी ते पाहिलं.

"पेन्सिल नको," बाबा म्हणाले, "पेन आण."