तोंडी नकार कागदावर आणताना : दिव्यांग मुलांच्या शालेय सवलतींचा पाठपुरावा

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पालकांसोबत बसून मी अर्ज लिहिते. माझा अनुभव असा की शाळा हक्क लेखी नाकारत नाही. ‘बघू’, ‘वरून काही आलेलं नाही’, ‘आमच्याकडे स्टाफ नाही’ एवढंच कानावर पडतं. तोंडी नकाराविरुद्ध वर दाद मागणं अवघड, म्हणून आधी तो नकार कागदावर आणायचा.

अर्ज एका पानाचा, मुख्याध्यापकांच्या पदनामाने आणि दोन प्रतींत असावा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यावी. ‘ठेवून जा, सर बघतील’ असं कुणी म्हटलं तर ठेवून जाऊ नये. पोच मिळत नसेल तर तोच अर्ज त्याच दिवशी पोस्टाने पाठवून पावती जपावी.

खरी मेहनत मजकुरावर घ्यावी लागते. ‘माझ्या पाल्यास सर्वतोपरी सहकार्य करावे’ या वाक्याला शाळा ‘करतोच आहोत’ म्हणून मोकळी होते. त्याऐवजी ‘सहामाहीपासून प्रत्येक लेखी परीक्षेत तासाला 20 मिनिटे वाढीव वेळ’ असं लिहिलं की हो किंवा नाही म्हणावंच लागतं. तासाला किमान 20 मिनिटांचं हे प्रमाण केंद्राच्या 2018च्या लेखी परीक्षांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनी घालून दिलं होतं.

अंशतः दृष्टी असलेल्या मुलासाठी नुसतं ‘मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका’ मागितली की शाळा ए-फोर कागदाची ए-थ्री झेरॉक्स हातात ठेवते. नकाशे काळपट होतात, आणि भूमितीतल्या ‘रेषाखंड मोजा’ या प्रश्नाचं उत्तर चुकतं, कारण आकृतीच ताणली गेलेली असते. म्हणून मूळ फाइलमधूनच मोठ्या टाइपात छापलेली प्रत मागावी, टाइपचा आकार लिहावा आणि मोजमापाच्या आकृत्या मूळ मापातच ठेवाव्यात असंही नमूद करावं. कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी पहिला बाक पुरत नाही. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले तर ओठ दिसत नाहीत. शिक्षकांनी मुलाकडे तोंड करून बोलावं, हीही ओळ अर्जात हवी. लेखनिकाचं तर दहावीच्या तोंडावर मागून भागतच नाही. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, विशेषतः गणितात कंस आणि घातांक सांगताना. घटक चाचण्यांपासून सराव हवा. बोर्डासाठीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तेव्हा तो पाठवल्याच्या पत्राची प्रत मागून घ्यावी. प्रमाणपत्र असूनही प्रस्ताव कपाटात राहिल्याने अडलेली मुलं असतात.

सर्वाधिक वाद किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या अटीवर होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ही अट सरसकट नाही. 6 ते 18 वयापर्यंतच्या मोफत शिक्षणाचं कलम 31 आणि उच्च शिक्षणातल्या 5 टक्के आरक्षणाचं कलम 32 यांना ती लागू आहे. शाळांची कर्तव्यं सांगणाऱ्या कलम 16 मध्ये ती नाही. वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट सांगणाऱ्या कलम 17 मध्येही नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडणं) असलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात लेखनिकाची सोय 40 टक्क्यांच्या चौकटीत अडकवता येणार नाही, असंच सांगितलं. अर्जात कलम 2(एच)सुद्धा लिहावं. वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं तिथे स्पष्ट आहे. ‘आम्ही विनाअनुदानित’ ही सबबही फार टिकत नाही, कारण कलम 16 अनुदानाबरोबर मान्यता असलेल्या संस्थांबद्दलही बोलतं.

अर्जात उत्तरासाठी 15 दिवस द्यावेत. ही मुदत कायद्यातली नाही, आपण घातलेली आहे. पण पुढच्या पत्रात तिचा हवाला देता येतो. मग गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी, आणि त्यानंतर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. राज्य आयुक्तांना चौकशीसाठी साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, मात्र त्यांच्याकडून येते ती शिफारस. संबंधित प्राधिकरणाने त्यावर तीन महिन्यांत कार्यवाही करायची, आणि मान्य नसेल तर त्याच मुदतीत कारणं कळवायची. अनेक पालक शिफारस हाती आली की थांबतात. इथे कॅलेंडरवर तारीख टाकून स्मरणपत्र पाठवायलाच हवं.

विशेष शिक्षकांचा मुद्दा असेल तर माहिती अधिकार वापरावा. प्राथमिकला 10 आणि त्यापुढे 15 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या 2021च्या निकालानंतर केंद्राने 2022 मध्ये ठरवलं. महाराष्ट्रात असा अर्ज 10 रुपयांचा, एकाच विषयाचा आणि 150 शब्दांपर्यंतचा हवा. ‘शिक्षक का नेमले नाहीत?’ असं विचारलं तर उत्तर टाळता येतं. मंजूर पदं, भरलेली पदं आणि विशेष शिक्षकांच्या शाळाभेटींच्या नोंदवहीची प्रत मागावी. नोंदवहीतले कोरे महिने तक्रारीला जोडता येतात. खासगी शाळा थेट माहिती देत नसेल, तर तिच्याबद्दल शिक्षणाधिकाऱ्यांकडे असलेली कागदपत्रं त्यांच्याकडून मागावीत.

सवलत मंजूर झाली तरी वर्गशिक्षक बदलले की ती विसरली जाते. दर जूनमध्ये मंजुरीची प्रत नव्या वर्गशिक्षकांना पोच घेऊन द्यावी. शाळा बदलताना दाखल्याबरोबर ही कागदपत्रं आपोआप जातील असं धरू नये. संपूर्ण फाइलची साक्षांकित प्रत दाखला घेतानाच मागून घ्यावी.