चौकोन मोजून १० पैकी ८

तर मागच्या महिन्यात एका ४८ तासांच्या गेम जॅममध्ये (दिलेल्या थीमवर ठरलेल्या वेळात अख्खा गेम करायचा) उडी मारली होती. थीम होती उंची, आणि शुक्रवारी रात्री दोन वाजता मी ठरवलं की क्विझ करायची, कारण चित्र काढता येत नाही, म्युझिकच्या नावाने बोंब, प्रश्न मात्र कितीही काढून देतो. गडाच्या पायऱ्या, उत्तर बरोबर आलं की एक पायरी वर, चुकलं की दोन खाली, १० प्रश्न, सगळे सह्याद्रीतल्या डोंगर-किल्ल्यांवर आणि सगळे मराठीत. रविवारी रात्री अपलोड करून आडवा झालो.

सकाळी पहिली कमेंट ब्राझीलच्या एका पोराची. त्याला गेममध्ये नुसते रिकामे चौकोन दिसले म्हणे, पण मजा आली, १० पैकी ८ बरोबर आले, कारण ज्या ऑप्शनमध्ये चौकोन जास्त तेच उत्तर.

मी चहा घेता घेता ते तीनदा वाचलं.

चौकोनांचं कारण लगेच सापडलं. गेम गोडो ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलाय, आणि आपल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली तर लॅपटॉपवर ते गुपचूप सिस्टिमचा फॉन्ट उचलतं, म्हणून मला दोन दिवस सगळं झकास दिसत होतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बिल्डला (म्हणजे गेमच्या तयार कॉपीला) ही सोय नाही, फॉन्ट आपणच सोबत द्यायचा असतो. मी एकदाही ब्राउझरमध्ये उघडून बघितलं नाही, चूक शंभर टक्के माझी. 'एक टाइप' वाल्यांचा 'मुक्ता' हा देवनागरी फॉन्ट टाकला, पाच मिनिटांत काम झालं. (अक्षरं एकेक करून उमटायचा इफेक्टही काढून टाकला. 'किल्ला' उमटताना आधी क, मग वेलांटी आली की क टुणकन बाजूला सरकणार, मग ल चा पाय मोडणार, मग जोडाक्षर होणार, बघून डोकं गरगरायचं.)

लांब उत्तराचं मात्र लागलं. कळसूबाई कुठे आहे? पुणे, सातारा, रायगड, आणि चौथा ऑप्शन 'अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या सीमेवर'. म्हणजे बरोबर उत्तर कोणी वाद घालू नये म्हणून नीट तपासून लिहिलंय आणि बाकीची तीन अशीच ठोकून दिलीत. शाळेत काहीच येत नसलं की सगळ्यात लांब ऑप्शनला टिक करायची हे आम्हीच एकमेकांना सांगायचो, आणि पेपर काढायची वेळ आली तर मी तेच केलं.

बाकी कमेंट म्हणजे 'मस्त', 'छान कल्पना', 'माझाही गेम खेळून बघा'. जॅममध्ये ते चालायचंच, लुडम डेअर या मोठ्या जॅमला तर साधारण २० रेटिंग मिळाल्याशिवाय स्कोअरच लागत नाही, मग लोक एकमेकांच्या दारात जाणारच. पण 'मस्त' वाचून दुरुस्त काय करणार?

खरा फीडबॅक घरात मिळाला. मावशी रिटायर्ड शिक्षिका, तिला मोबाइल दिला, ती प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचते, मग ऑप्शन वाचते, आणि तिसऱ्या ऑप्शनला टायमर संपतो. "अरे मेल्या, प्रश्न तरी वाचू देशील की नाही?" १० सेकंद ठेवले होते, कारण मला उत्तरं पाठ. आता प्रश्न आणि ऑप्शन वाचून झाल्यावर 'तयार' दाबलं की मगच टायमर सुरू होतो.

आणि एका ट्रेकवाल्याची कमेंट. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर या प्रश्नाला त्याने साल्हेर निवडलं, लाल फुली आली, दोन पायऱ्या खाली. त्याचं म्हणणं, फुली मारा, पण मी किती जवळ होतो ते तरी सांगा. बरोबरच आहे त्याचं. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, आणि किल्ल्यांमध्ये तर साल्हेरच सगळ्यात उंच, म्हणजे हा माणूस डोंगर चढलेला आहे आणि मी त्याला महाबळेश्वर म्हणणाऱ्याच्याच रांगेत बसवला. आता प्रत्येक चुकीच्या ऑप्शनला स्वतःची एक ओळ आहे, आणि साल्हेर निवडलं तर एकच पायरी खाली. ३० ओळी लिहिताना अख्खा शनिवार गेला, पण गेममधला मला सगळ्यात आवडणारा भाग आता तोच आहे.

नवीन बिल्ड टाकल्यावर ब्राझीलवाल्याला मुद्दाम लिंक पाठवली. अक्षरं सुंदर दिसतात म्हणाला, स्कोअर १० पैकी २.

जाम खूश झालो.