तुम्ही विचारलंत म्हणून: सेफ्टी ऑफिसर नेमलाय, मग जबाबदारी कोणाची?

"आमच्याकडे सेफ्टी ऑफिसर आहे, प्रदूषणाचे परवाने चालू आहेत, ऑडिटचा अहवालही चांगला आलाय. तरी उद्या काही घडलंच, तर जबाबदारी कोणाची?" कारखाना चालवणारी मंडळी हा प्रश्न वारंवार विचारतात. बहुतेकांच्या मनात उत्तर तयारच असतं: ज्याला त्या कामाचा पगार देतो, त्याची.

माझं उत्तर वेगळं आहे. खर्च मंजूर करण्याचा आणि चालू उत्पादन थांबवण्याचा अधिकार ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. सेफ्टी ऑफिसर धोका शोधेल, लेखी कळवेल, पुन्हा पुन्हा आठवण करून देईल. पण गंजलेला पाइप बदलायचे पैसे आणि त्यासाठी प्लांट चार दिवस बंद ठेवायची परवानगी वरूनच यावी लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या 155 क्रमांकाच्या करारातही कामाची जागा, यंत्रं आणि प्रक्रिया सुरक्षित ठेवण्याचं कर्तव्य मालकावर टाकलेलं आहे, आणि या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये हेही स्वच्छ लिहिलेलं आहे.

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्रीचं भोपाळ घ्या. मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या 610 क्रमांकाच्या टाकीत सुमारे 40 टन द्रव होता आणि त्यात पाणी शिरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली होती. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर स्टँडबायवर होता. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरकडे जाणाऱ्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे वायू निसटत होता त्या उंचीपर्यंत पोचलेच नाहीत. एकाच धोक्यासमोर चार आडोसे, आणि त्या रात्री चारही निकामी. थंड करणारी यंत्रणा बंद ठेवणं आणि फ्लेअरचा पाइप जोडलेला नसताना टाकी भरलेली ठेवणं, हे निर्णय रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या हातातले नव्हते.

ऑडिट चांगलं येतं आणि तरी अपघात होतो, कारण ऑडिटला बहुधा कागद दिसतो. कागद आणि काम यांत अंतर कसं पडतं, हे टाकीत उतरायच्या परमिटवरून, म्हणजे लेखी परवानगीवरून, नीट कळतं. बंदिस्त टाकी साफ करायची आहे असं धरा.

पहिलं काम टाकीला जोडलेले पाइप वेगळे करण्याचं. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. बंद व्हॉल्व्हही आतून थोडा थोडा गळतो. पाइपचा तुकडा काढावा लागतो किंवा दोन फ्लँजच्या (पाइपच्या जोडावरच्या चकत्यांच्या) मध्ये त्या दाबाला टिकणारी ब्लाइंड प्लेट, म्हणजे वाट पूर्ण बंद करणारी पट्टी, घालावी लागते. मग टाकीतल्या ढवळणीच्या मोटरचा ब्रेकर (विजेचा खटका) बंद करून त्याला कुलूप. किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात, सुपरवायझरच्या टेबलावर नाही. कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून मोटर खरंच फिरत नाही ना, हे बघायचं. ही दहा सेकंदांची तपासणी सर्रास गाळली जाते, आणि चुकीच्या ब्रेकरला कुलूप लागलंय हे तेव्हाच कळलं असतं.

त्यानंतर हवा. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू, याच क्रमाने. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर तो वायू आतल्या आत जाळून मोजतो. ऑक्सिजन कमी असला तर जळणं होत नाही आणि मीटर खोटा कमी आकडा दाखवतो. ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्क्यांच्या दरम्यान, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (म्हणजे ज्या प्रमाणाखाली तो पेट घेत नाही त्याच्या) 10 टक्क्यांहून कमी, विषारी हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 10 भागांच्या) आत. मोजमाप वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो, आणि मॅनहोलच्या तोंडाशी घेतलेला आकडा तळाबद्दल काहीच सांगत नाही. वासावर तर अजिबात विसंबू नये. 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि 'वास गेला' म्हणून माणूस निर्धास्त होतो. रिकामी, बऱ्याच दिवसांपासून बंद असलेली लोखंडी टाकीही तितकीच घातक असते, कारण गंज चढताना आतला ऑक्सिजन संपत जातो.

मॅनहोलपाशी एक माणूस सतत उभा हवा. त्याने जागा सोडायची नाही आणि काही झालं तरी आत शिरायचं नाही. आतल्या माणसाच्या अंगात हार्नेस, हार्नेसला दोर, दोर वरच्या तिकाटण्याच्या विंचला, म्हणजे कोणी आत न उतरता त्याला वर ओढता येतं. टाकीतले मृत्यू एकावर थांबत नाहीत, ते याच ठिकाणी. पहिला कोसळतो, दुसरा त्याला काढायला उडी घेतो, मग तिसरा.

हे सगळं प्रामाणिकपणे करायला दीड-दोन तास सहज लागतात. आता शटडाऊनचं वेळापत्रक उघडून बघा. 'टाकी रिकामी' आणि 'सफाई सुरू' या दोन ओळींमध्ये किती वेळ धरलाय? शून्य मिनिटं असतील, तर परमिट टेबलावर बसूनच भरलं जाणार. सकाळी नऊला घेतलेल्या आकड्यावर दुपारी दोनला माणूस उतरणार, आणि दरम्यान गाळ ढवळल्यामुळे सुटलेला वायू कोणीही मोजलेला नसणार. सही खाली झाली, पण तो वेळ वरच्या मजल्यावर कापला गेला होता. एकाच माणसाने दहा मिनिटांत वीस परमिटांवर सह्या केल्या असतील, तर त्याला झापण्याआधी त्याच्या जोडीला आणखी माणसं का नाहीत ते विचारा.

पाळी बदलतानाचा निरोपही याच हिशेबातला. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे तात्पुरता ब्लाइंड फ्लँज लावलेला होता. रात्रपाळीला ते कळलंच नाही, पंप सुरू झाला, तिथून गळती होऊन स्फोट झाला, आणि 167 जण गेले. परमिटची पद्धत तिथेही होती.

सांडपाण्यातला खोटेपणा पकडणं त्या मानाने सोपं आहे, कारण तिथे हिशेब जुळावा लागतो. आत आलेलं पाणी, बाहेर गेलेलं पाणी, शुद्धीकरणासाठी वापरलेली चुना आणि फेरस ही रसायनं, निघालेला गाळ आणि पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरने खाल्लेली वीज. या पाच आकड्यांचं एकमेकांशी प्रमाण बसतं. उत्पादन दीडपट झालं आणि गाळ तेवढाच राहिला, तर पाणी दुसरीकडून जातंय. लॉगबुकात ब्लोअर चोवीस तास आणि विजेचा वेगळा मीटर नऊ तासांचाच, तर लॉगबुक घरी बसून भरलंय. ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला) स्वतंत्र वीजमीटर नसेल, तर आधी तो बसवा. बीओडीचा, म्हणजे पाण्यात सेंद्रिय घाण किती आहे ते सांगणाऱ्या चाचणीचा, निकाल काही दिवसांनी येतो, तोवर पाणी कधीच नदीला मिळालेलं असतं. त्यामुळे रोजचा लगाम पीएच (आम्लतेचं माप) आणि वायुवीजन टाकीतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर ठेवावा लागतो. हा ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास राहायला हवा. रसायनांच्या टाक्यांभोवतीचे बांधही एकदा स्वतः जाऊन बघा. सर्वांत मोठ्या टाकीच्या 110 टक्के मावेल इतकी जागा ठेवलेली असते, पण आत पावसाचं पाणी साचलेलं असतं किंवा निचऱ्याचा व्हॉल्व्ह कायम उघडा असतो.

आरोग्याचं नुकसान आवाज न करता होतं, म्हणून त्याला बजेट मिळत नाही. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चारच तास. कानात घालायच्या बोंडांवर भागवण्याआधी कंप्रेसरला आवरण घालता येतं का, ते बघा. श्रवणचाचणीचे कागद एकेका माणसाच्या फायलीत गाडू नका. नावं काढून ते विभागवार मांडा. एकाच विभागातल्या अनेकांचं ऐकणं 4000 हर्ट्झच्या आसपास उतरलेलं दिसलं, तर दोष यंत्रात आहे.

ठेकेदाराचं काय, हे लगेच विचारलं जातं. काम बाहेर देता येतं, जबाबदारी देता येत नाही. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेल रिफायनरीत द्रव वेगळे करणारा एक मनोरा गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरला गेला. पातळी दाखवणारं उपकरण मात्र पातळी उतरत असल्याचं सांगत होतं. ज्वलनशील द्रव वरून उघड्यावर सांडला आणि स्फोट झाला. मेलेले 15 च्या 15 जण ठेकेदारांची माणसं होती, धोक्याच्या जागेजवळ उभ्या केलेल्या तात्पुरत्या ऑफिसांत आणि त्यांच्या आसपास. नंतर नेमलेल्या समितीने 2007 मध्ये दाखवून दिलं, की कंपनी किरकोळ दुखापतींचे घटते आकडे बघून प्लांट सुरक्षित असल्याचं समजत होती. 'इतके दिवस अपघात नाही' हा गेटवरचा फलक घसरून पडणं आणि बोट कापणं मोजतो. स्फोट किती जवळ आलाय, ते तो सांगत नाही.

मग संचालकांच्या बैठकीत काय मागायचं? तीन आकडे मागा. सुरक्षेशी संबंधित किती दुरुस्त्यांची तारीख उलटून गेली आणि त्यांतली सर्वांत जुनी किती दिवसांची. किती वेळा कामगारांनी धोका दिसल्यामुळे काम थांबवलं. हा आकडा वर्षभर शून्य असेल, तर लोक घाबरलेत असं धरून चौकशी करा. आणि आज, या क्षणी, किती इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सोय) बायपास, म्हणजे निकामी, करून ठेवलेले आहेत.

तिसऱ्यासाठी रजिस्टर ठेवा. कोणता इंटरलॉक, कोणी आणि किती वाजता काढला, त्याच्या बदल्यात कोण नजर ठेवून आहे, आणि मुदत कधी संपते. मुदत पाळी संपेपर्यंतचीच. वाढवायची असेल तर प्लांटप्रमुखाची सही, तीन दिवसांच्या पुढे गेली तर संचालकाची. सही करणाऱ्याने आधी त्या पॅनेलपाशी जाऊन जंपर (इंटरलॉक बायपास करणारी तार) कुठे लावलाय तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा.