चष्म्याची दोरी

‘शाळेविषयी काहीही लिहा’ असं निमंत्रणपत्रात आहे. काहीही लिहायला बसलो की मला मराठीचे सरच आठवतात. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

आठवीत होतो. तान्हा पोळा झाला आणि सरांनी मारबतीवर निबंध दिला. आम्ही नागपूरच्या इतवारीतले, इडा-पीडा गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक दारावरूनच जायची. पण मला नुसती मिरवणूक पुरेना. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी गल्लीच्या टोकाला विरली आणि आजोबांनी प्राण सोडला, असं लिहिलं. लिहिता लिहिता मलाच रडू आलं.

वह्या तपासल्या त्याच संध्याकाळी सर सायकल हाणत समाचाराला आले. दार आजोबांनी उघडलं.

“कोण पाहिजे जी?”

“कोणी नाही. इकडून चाललो होतो.”

मग चहा झाला. काळी मारबत 1881 ची, पिवळी 1885 ची, हा आजोबांचा ठरलेला पाठ सरांनी अर्धा तास ऐकून घेतला. मी जिन्याखाली लपलेलो.

दुसऱ्या दिवशी वहीत लाल शाईने लिहिलेलं होतं: ‘आजोबांच्या चष्म्याची एक काडी तुटली आहे. तिथे दोरी आहे. निबंधात ती नाही.’ दहापैकी चार.

पुढे कादंबऱ्या झाल्या, पुरस्कार झाले, मृत्यूवर बोलायला मला हमखास बोलावतात. 2012 च्या मार्चमध्ये कवी ग्रेस गेले, तेव्हा तासाभरात लेख लिहून दिला. आज तो वाचवत नाही. सगळा आरोळीचा, दोरी कुठेच नाही. आजोबा खरोखर गेले तेव्हा मात्र बारा वर्षं एक ओळ उतरली नव्हती.

मागच्या वर्षी माझी बायपास झाली. हातातल्या कादंबरीतला म्हातारा तीन वर्षं मरणाला टेकलाय. प्रकाशक फोन करतात, आणि मी त्याला आणखी एक कप चहा पाजतो. तो गेला की पुढे काय लिहू, हे खरंच सुचत नाही.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. सायकल स्टँडजवळचा कडुनिंब पाडून तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत. बरं नाही केलं. सभागृहात सरांचा फोटोही दिसला नाही. माझ्याकडे एक आहे, स्नेहसंमेलनातला, कोणाच्या तरी फेट्याआड अर्धा चेहरा गेलेला. हवा असेल तर आणून देतो. फक्त कार्यालय वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा कोणीतरी खाली या.