कोणाबरोबर आलात?

पुण्यात कर्वे रस्त्याजवळ बोर्ड गेम खेळणाऱ्यांचा आमचा एक गट दर आठवड्याला जमतो. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा पंचवीस जणांत आम्ही दोघीच बायका होतो आणि दारातच मला विचारण्यात आले, "कोणाबरोबर आलात?" विचारणाऱ्याच्या मनात काही वावगे नव्हते, बाई इथे येते ती नवऱ्याबरोबर किंवा मित्राबरोबर, एवढेच त्याने आजवर पाहिले होते. मी एकटी आले आहे आणि खेळायला आले आहे, हे मात्र मला पुढे वर्षभर सांगत राहावे लागले. गटाचे आयोजन माझ्याकडे आले, तेव्हा हे बदलायचेच असे मी ठरवले.

पहिला उपाय सपशेल फसला. एक रविवार खास महिलांसाठी ठेवला आणि शुल्क निम्मे केले. चौदा जणी आल्या, रंगून खेळल्या. पण पुढच्या नेहमीच्या बैठकीला त्यांतली एकच आली आणि नंतर तीही दिसली नाही. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "ताई, पैशांचा प्रश्न नव्हताच. माझा डाव मला कोणी खेळूच दिला नाही."

त्यानंतरच्या तीन-चार बैठकांत मी स्वतः खेळले नाही, टेबलांजवळ उभी राहून पाहत राहिले. 'कॅटन'मध्ये फाशांवर सात पडले की ज्याने फासे टाकले त्याने चोराची सोंगटी हलवायची असते, आणि ती ठेवून कोणाची कोंडी करायची हा त्या खेळातला मोठा निर्णय असतो. नव्याने आलेल्या एका मुलीला सात पडले. तिचा हात सोंगटीपर्यंत पोचायच्या आत शेजारच्या गृहस्थांनी ती उचलून "इथेच ठेवायला हवी" म्हणत ठेवूनही दिली. मुलीने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि पुढचा तासभर ती "तुम्हीच सांगा" एवढेच म्हणत राहिली. 'पॅन्डेमिक'सारख्या, सगळ्यांनी मिळून रोगाच्या साथी आटोक्यात आणायच्या खेळात तर एकच अनुभवी गडी चौघांच्या खेळी ठरवताना मी पाहिला. असे नव्या पुरुषांच्या बाबतीतही घडते, हे मी मान्य करते. पण पुरुष "थांबा, मला विचार करू द्या" म्हणाला की लोक थांबतात, आणि बाई तेच म्हणाली की तिला नियम पुन्हा समजावून सांगायला लागतात.

म्हणून आम्ही टेबलाचे नियम ठरवले. दुसऱ्याच्या सोंगटीला किंवा पत्त्यांना हात लावायचा नाही, मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, आणि खेळ सुरुवातीला एकानेच सर्वांना समजावून द्यायचा. समजावणाऱ्यांत बायका असाव्यात म्हणून दोघींनी एलिझाबेथ हारग्रेव्ह यांनी रचलेला, १७० पक्ष्यांच्या पत्त्यांचा 'विंगस्पॅन' घरी खेळून पक्का केला. ज्या टेबलावर खेळ बाईने समजावला, तिथे शंका विचारायला नव्या बायका कचरत नाहीत, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे. बैठकीची वेळही रात्री साडेआठऐवजी रविवारी दुपारी ३ ते ७ अशी केली, कारण मध्यरात्री एकटीने घरी परतायचे म्हटले की कितीतरी जणी यायचा विचारच सोडून देत.

विरोध झाला. "आता कोणी कोणाला अडवतंय का?" असे एका जुन्या सदस्याने विचारले. मी त्यांना १९७६ सालची गोष्ट सांगितली: मुंबईच्या रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ झाला, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांना द्यावा लागला. दार उघडले, तरी आतले वागणे लगेच बदलत नाही. २०२५ मध्ये बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने त्याच्या आदल्याच वर्षी सांगितले होते की, प्रेक्षक तिच्या खेळापेक्षा कपडे, केस आणि उच्चार यांकडेच लक्ष देतात.

सर्वांत कठीण प्रसंग एका चांगल्या खेळाडूचा होता. बायकांच्या दिसण्यावर तो शेरे मारत असे. मी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले. दोन आठवड्यांनी तेच पुन्हा घडल्यावर यापुढे येऊ नकोस म्हणून कळवले. त्याच्याबरोबर त्याचे दोन मित्रही गेले आणि महिनाभर एक टेबल रिकामे राहिले. त्या काळात मला नीट झोप लागत नव्हती, तरी निर्णय बरोबर होता असे मी आजही मानते. त्याआधी कितीजणी काही न बोलता निघून गेल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवलाच नव्हता.

आता वीस जणांत सात-आठ बायका नियमित असतात. 'टेराफॉर्मिंग मार्स'सारख्या लांबलचक खेळांच्या टेबलावर मात्र त्या अजून कमी दिसतात, कारण रविवारी सलग चार तास घरातून मोकळे मिळणे त्यांतल्या अनेकींना जमत नाही. त्यावर आम्ही डाव दोन बैठकांत खेळू लागलो आहोत: पटाचे छायाचित्र काढायचे, प्रत्येकाचे पत्ते आणि ठोकळे नाव लिहिलेल्या पिशवीत भरायचे आणि पुढच्या रविवारी पट तसाच्या तसा मांडायचा. गेल्या आठवड्यात असा पहिला डाव पूर्ण झाला. पाचांपैकी तिघी बायका होत्या, आणि पुढच्या डावासाठी त्यांनी आपापली नावे निघण्यापूर्वीच लिहून ठेवली.